अर्धं तिकीट

एसटीत कंडक्टरने पोराकडे बघून "वय किती?" असं विचारलं की आया हमखास एखादं वर्ष खाऊन टाकतात. बाराच्या आत असेल तर अर्धं तिकीट, पाचाच्या आत असेल तर फुकट. पोरगं मात्र मध्येच "मी सातवीत आहे" म्हणून घोळ घालतं.

नाझी काळातल्या जर्मन सरकारी रेल्वेचाही असाच नियम होता. मोठ्यांना तिसऱ्या वर्गाचं पूर्ण भाडं, चार ते दहा वर्षांच्या मुलांना अर्धं, चारच्या आतली फुकट. चारशेहून जास्त माणसं एकदम न्यायची असतील तर गटाची सवलत, जशी सहलीला मिळते तशी. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांनाही हेच दर लागले. माणसं बहुतेक वेळा मालगाडीच्या डब्यात कोंबलेली, पण आकारणी तिसऱ्या वर्गाची. त्यांचं भाडं एकेरी. सोबतच्या पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

हा हिशोब कोणी केला असेल? हिटलरने नक्कीच नाही. कुठल्या तरी कचेरीत कोणी तरी डोकी मोजली, त्यातली चारच्या आतली वजा केली, गुणाकार केला, बिल पाठवलं आणि संध्याकाळी घरी गेला.

होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकलेल्या मुलांच्या हातून नेमका हाच माणूस निसटतो. इंग्लंडमध्ये हा विषय 1991 पासून शाळेत सक्तीचा आहे. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तिथल्या 11 ते 18 वयाच्या सुमारे 8,000 विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. मुलांना विषयात रस होता, वाईटही वाटलं होतं. पण हे कोणी केलं, या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर एका नावाभोवती फिरत होतं: हिटलर, फार तर हिटलर आणि त्याचे नाझी. ज्यूद्वेष या शब्दाचा अर्थ बहुसंख्य मुलांना सांगता आला नाही. म्हणजे गुन्हा माहीत, गुन्हेगार माहीत. मधलं सगळं कोरं.

आपण हसायला नको. आपल्याकडे तर कडक मास्तरांना, तापट बाबांना सर्रास 'हिटलर' म्हणतात, आणि ते लाडाने म्हणतात. माझ्या शाळेत दुसरं महायुद्ध 'कारणे लिहा'मध्ये सुरू व्हायचं आणि 'परिणाम लिहा'मध्ये संपायचं. साठ लाख माणसं परिणामांतल्या एका ओळीत होती.

आधी शब्द

होलोकॉस्ट म्हणजे 1933 ते 1945 या काळात नाझी जर्मनीने आणि तिच्या साथीदारांनी केलेला युरोपातल्या ज्यूंचा छळ आणि संहार. सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले. त्यांत सुमारे 15 लाख मुलं होती. मराठीत 'ज्यूंचं शिरकाण' असंही लिहितात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र 'संपूर्ण जाळून दिलेली आहुती' असा आहे, आणि म्हणूनच तो अनेक ज्यूंना खटकतो. आहुती कोणी तरी कोणाला तरी श्रद्धेने देतं. इथे कसली आहुती? ते 'शोआ' म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ महासंकट.

नाझींनी आणखीही अनेकांना मारलं: रोमा लोक, अपंग आणि मनोरुग्ण, लाखो पोलिश नागरिक, सुमारे 30 लाख सोव्हिएत युद्धकैदी. पण झाडून सगळे, म्हातारे-तान्ही धरून, जिथे सापडतील तिथून शोधून संपवायचे, हे ज्यूंच्या बाबतीत ठरलं.

ज्यूद्वेष ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागते, याचं कारण चांगलं आहे. कोकणातले बेने इस्राएली आपल्याला ठाऊक आहेत ते 'शनवार तेली' म्हणून: घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे. शतकानुशतकं ते इथे राहिले, मराठी बोलले, आणि ज्यू म्हणून कोणी त्यांच्या मागे लागलं नाही. युरोपात तसं नव्हतं. तिथे येशूच्या मृत्यूचं खापर ज्यूंवर फोडण्याची जुनी परंपरा होती. जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही, मग सावकारी केली की "बघा, सावकार!" एकोणिसाव्या शतकात या जुन्या द्वेषाला 'वंशशास्त्रा'चा कोट चढला. आधी धर्म बदलला तर सुटका होती. वंश कसा बदलणार? नाझींनी हा तयार माल उचलला. 1935च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये जाणारी माणसं एका कायद्याने ज्यू झाली.

किती होते हे?

लंडनच्या त्या पाहणीत मुलांना विचारलं होतं की 1933 मध्ये जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू किती टक्के होते. बहुतेकांनी भरमसाट आकडे सांगितले. खरा आकडा एक टक्क्याहूनही कमी, साधारण पाच लाख. मुलांची चूक समजण्यासारखी आहे. साठ लाख मेले म्हणजे तिथे खूपच असणार, असा हिशोब त्यांनी मनात केला. शिवाय नकळत एक घातक विचारही त्यात शिरतो: इतका द्वेष होता म्हणजे ते बरेच असतील, सगळीकडे असतील, काही तरी डाचत असेल. हा नाझींचाच प्रचार, आणि तो ऐंशी वर्षांनी एका सहानुभूती असलेल्या मुलाच्या डोक्यात आकडा होऊन बसलेला.

मग साठ लाख कुठले? मुख्यतः पूर्वेकडचे. एकट्या पोलंडमध्ये युद्धाआधी सुमारे 33 लाख ज्यू होते. त्यांतले सुमारे 30 लाख मारले गेले. संहार बहुतांशी जर्मनीत झालाच नाही. तो जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये आणि सोव्हिएत प्रदेशात झाला. किव्हजवळच्या बाबी यार या घळीत 29 आणि 30 सप्टेंबर 1941 या दोन दिवसांत 33,771 माणसं गोळ्या घालून मारली. आकडा इतका नेमका आहे, कारण मारणाऱ्यांनीच तो अहवालात लिहून वर पाठवला.

मुलांना आउश्वित्झ माहीत असतं. ट्रेब्लिंका हे नाव मात्र फारसं कोणी ऐकलेलं नसतं, आणि यामागचं कारण कळलं की अंगावर काटा येतो. आउश्वित्झ ही मृत्युछावणी होती तशी सक्तमजुरीची छावणीही होती. तिथे सुमारे 11 लाख माणसं मारली गेली, तरी हजारो जण मजूर म्हणून तग धरून राहिले आणि पुढे बोलले, लिहिले. ट्रेब्लिंकात आठ ते नऊ लाख ज्यू मारले गेले. पण तिथे राहायची सोयच नव्हती, कारण कोणाला ठेवायचंच नव्हतं. गाडीतून उतरलेली माणसं दोन-तीन तासांत संपायची. सुटून जिवंत राहिले ते शंभराच्या आत. आपल्याला जे ठिकाण जास्त ठाऊक आहे ते जिथून सांगायला कोणी तरी उरलं ते. म्हणून 'छळछावणी' हा एकच शब्द सगळीकडे वापरला की मोठा फरक पुसला जातो.

नाही म्हटलं असतं तर?

पाहणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा: ज्यूंना ठार मारण्याचा हुकूम एखाद्या सैनिकाने किंवा पोलिसाने नाकारला असता तर त्याचं काय झालं असतं? मुलांना हमखास वाटतं की त्यालाच गोळी घातली असती. खरं उत्तर देणारी फार थोडी.

13 जुलै 1942. पोलंडमधलं युझेफुव्ह हे गाव. जर्मन राखीव पोलिसांची 101 क्रमांकाची तुकडी तिथे आली. सुमारे 500 माणसं, बरीचशी हॅम्बुर्गची, वयाने तिशी-चाळिशीतली: गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून. कट्टर नाझी म्हणून निवडलेली नव्हेत, आघाडीवर लढायला वय जास्त म्हणून इकडे आलेली. त्यांचा प्रमुख मेजर ट्राप याने पहाटे सगळ्यांना उभं केलं आणि काम सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता. गावातल्या धडधाकट ज्यू पुरुषांना मजुरीसाठी वेगळं काढायचं, बाकीच्यांना, म्हणजे बायका, मुलं, म्हाताऱ्यांना, जंगलात नेऊन गोळ्या घालायच्या. मग तो म्हणाला, वयस्कर लोकांपैकी ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं.

बारा-तेरा जण बाजूला झाले. त्यांना काहीही शिक्षा झाली नाही. दुपारनंतर आणखी काही जणांना सहन होईना, तेव्हा त्यांनाही दुसरं काम मिळालं. बाकीच्यांनी संध्याकाळपर्यंत सुमारे 1,500 माणसं मारली.

युद्धानंतरच्या खटल्यांत "हुकूम होता, नाही म्हटलं असतं तर आम्हीच गेलो असतो" हा बचाव शेकडो वेळा झाला. पण निःशस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कोणाला जबर शिक्षा झाल्याचं एकही उदाहरण कोणत्या आरोपीला पुराव्यानिशी दाखवता आलं नाही.

मग त्यांनी का मारलं? सोबत्यांपुढे नामर्द ठरू नये म्हणून. आपण बाजूला झालो तर घाणेरडं काम दुसऱ्यांच्या गळ्यात पडेल म्हणून. वर्षानुवर्षं कानावर पडलेला प्रचार. बढतीची आशा. आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत, इतिहासकारांचं यावर आजही एकमत नाही, खराखुरा द्वेष. वर्गात नेमकी इथे शांतता होते असं शिकवणारे सांगतात, आणि ते पटतं. कारण राक्षस दूर असतो. सोबत्यांपुढे मान खाली जाऊ नये म्हणून चुकीचं काम करणारा माणूस मागच्या बाकावरही सापडतो.

दुसरं टोकही बघा. 20 जानेवारी 1942 रोजी बर्लिनच्या वानझे तळ्याकाठच्या एका बंगल्यात 15 अधिकारी जमले आणि 'अंतिम तोडगा' (ज्यूंच्या संहाराला नाझींनी दिलेलं नाव) कसा राबवायचा यावर सुमारे दीड तास बोलले. त्या 15 पैकी आठ जण डॉक्टरेट मिळवलेले. आपल्याकडे शिक्षण हा सगळ्या रोगांवरचा उतारा समजतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पळून का गेले नाहीत?

मुलं हे विचारतातच, आणि त्यात थोडा ठपकाही असतो. जर्मनीतले निम्म्याहून जास्त ज्यू पळाले होतेच. ऍन फ्रँकचं कुटुंब फ्रँकफर्टहून ऍमस्टरडॅमला पळालेलं होतं. 1940 मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोचलं. बाहेर पडणाऱ्यांवर जबर कर होता, पैसे नेता येत नव्हते, आणि मुख्य म्हणजे घेणारं कोणी नव्हतं. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे 32 देश या प्रश्नावर जमले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. दार सताड उघडायला जवळजवळ कोणीच तयार झालं नाही. पोलंडच्या ज्यूंना तर विचार करायलाही सवड मिळाली नाही.

थोडे मुंबईलाही पोचले. प्रागहून 1934 मध्ये आलेले वॉल्टर कॉफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर संगीताचं काम पाहत होते. पहाटे रेडिओ लावला की प्रथम वाजणारी ती ओळखीची धून त्यांचीच मानली जाते. रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर हेही त्याच वादळाने इकडे येऊन पडलेले. सूझा, रझा, आरा, हुसेन या चित्रकारांच्या पिढीला या तिघांचा मोठा आधार झाला.

आणखी एक गैरसमज इंग्लंडमधल्या मुलांचा खास. त्यांच्यातल्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला वाटत होतं की ब्रिटनने ज्यूंना वाचवायला युद्ध पुकारलं. युद्ध 3 सप्टेंबर 1939 रोजी पुकारलं ते पोलंडवर हल्ला झाला म्हणून. सामूहिक कत्तली 1941 मध्ये सुरू झाल्या. आपला देश गोष्टीतला नायक असावा असं मुलांना वाटतं. मोठ्यांनाही वाटतं.

मांजर आणि वीट

हे सगळं शिकल्यावर मुलांना काही तरी लिहायला सांगतात. त्या लिखाणात दोन जाती असतात. पहिली आपल्या चांगल्या परिचयाची: "असे पुन्हा कधीही घडू नये, हीच त्यांना खरी श्रद्धांजली." निबंधाचा शेवटचा परिच्छेद, कुठल्याही विषयाला चिकटवता येतो. दुसरी जात अडखळत लिहिलेली असते आणि तिच्यात एखादी बारीक वस्तू असते.

बर्लिनच्या शोनेबर्ग भागात एक वस्ती आहे, तिला बव्हेरियन क्वार्टर म्हणतात. 1933 पूर्वी तिथे बरेच सुखवस्तू ज्यू राहायचे. 1993 पासून तिथल्या दिव्यांच्या खांबांवर 80 पाट्या आहेत. एका बाजूला साधं चित्र, बालवाडीच्या तक्त्यावर असतं तसं. दुसऱ्या बाजूला एक नियम आणि तारीख. पाव: ज्यूंनी खरेदी दुपारी चार ते पाच या वेळातच करावी. बाक: ज्यूंनी पिवळ्या बाकांवरच बसावं. मांजर: ज्यूंना घरात प्राणी पाळता येणार नाहीत. हा शेवटचा फेब्रुवारी 1942 चा.

हा मांजराचा नियम मला त्या रेल्वेच्या अर्ध्या तिकिटाचा सख्खा भाऊ वाटतो. कोणी तरी बसून तो सुचवला, कोणी टंकलिहिला, कोणी सही केली, आणि शेजारच्या बिऱ्हाडातल्या मांजराचं पुढे काय झालं हे जिन्यात सगळ्यांना कळलं. गॅसच्या कोठड्या लोकांनी पाहिल्या नसतील. हे पाहिलं.

त्याच वस्तीत लॉकनिट्झ प्राथमिक शाळा आहे. तिथे पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, होतं. 1990च्या दशकाच्या मध्यापासून दरवर्षी सहावीची मुलं एक काम करतात. त्या भागातून पकडून नेलेल्या ज्यूंच्या यादीतून प्रत्येक जण एक नाव निवडतो. निवडायचं कारण ज्याचं त्याचं: आपल्याच रस्त्यावर राहायची, आपल्याच तारखेला जन्मला, आपल्या बहिणीचंच नाव. मग ते नाव एका विटेवर लिहायचं आणि शाळेच्या आवारातल्या भिंतीत ती वीट ठेवायची. भिंत आता हजाराहून जास्त विटांची आहे.

बारा वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा जास्त मागू नये असं माझं मत आहे. काही शाळांनी मुलांना, नाझींनी ज्यूंना लावायला लावले तसे, पिवळे तारे लावून, अंधाऱ्या खोलीत कोंबून 'अनुभव' द्यायचे प्रयोग केले. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना अशा नकलांपासून स्पष्टपणे परावृत्त करतं. मधल्या सुट्टीत डबा खाणाऱ्या मुलाला ते कळलं असं त्याला वाटायला लावणं हीच फसवणूक. वीट तसं काही सांगत नाही. ती म्हणते, ही बाई इथे राहायची, तुझ्या दोन घरं पलीकडे.

विद्यार्थी, पण तेव्हाचे

होलोकॉस्टबद्दल विद्यार्थ्यांनी लिहिलेलं मी ज्याला सर्वांत वर ठेवीन ते टिपण शाळेतल्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं नव्हतं.

वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे भिंत घालून ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने एक गुप्त संग्रह उभा केला होता. आपल्यावर काय गुदरतंय हे मारणाऱ्यांच्या कागदांतूनच जगाला कळू नये, आपल्याही कागदांतून कळावं, म्हणून. रोजनिशा, रेशनची कार्डं, भिंतीवरची पत्रकं, शाळकरी मुलांचे निबंध, मिठायांचे कागदसुद्धा त्यांनी जमवले. 22 जुलै 1942 रोजी वॉर्साहून ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला इस्राएल लिख्टेनस्टाइन या शिक्षकाने आपल्या दोन माजी विद्यार्थ्यांना हाताशी धरून दहा पत्र्याच्या पेट्या नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पुरल्या. मुलं होती डाविड ग्राबर, वय 19, आणि नाहुम ग्झिवाच, वय 18.

पेट्या बंद करण्याआधी तिघांनी एकेक चिठ्ठी आत ठेवली. ग्राबरने लिहिलं की जे आम्हाला जगापुढे ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. लिख्टेनस्टाइनने स्वतःसाठी काही मागितलं नाही. बायको गेला सेक्श्टाइन चित्रकार होती, तिची आठवण राहावी, आणि मुलगी मार्गालितची. ती आज वीस महिन्यांची झाली, असंही त्याने नोंदवलं. नाहुमला लिहिता लिहिता कळलं की आई-वडील राहतात त्या इमारतीला वेढा पडलाय. मी तिकडे पळतो, असं त्याने लिहिलं. माझं पुढे काय होईल माहीत नाही. आणि शेवटी: लक्षात ठेवा, माझं नाव नाहुम ग्झिवाच.

तिघांपैकी कोणीही वाचलं नाही. सप्टेंबर 1946 मध्ये ढिगाऱ्याखालून दहाही पेट्या निघाल्या. झाकणं नीट बंद केलेली नव्हती, पाणी शिरलं होतं, कागद एकमेकांना चिकटले होते. ते सुटे करून वाळवायला फार वेळ लागला. पुढच्या खेपेला पुरलेले दुधाचे दोन कॅन डिसेंबर 1950 मध्ये सापडले. तिसरा साठा अजून सापडलेला नाही. 2003 मध्ये वॉर्सातल्या चिनी दूतावासाच्या बागेत तो शोधायला खणलं होतं.